टिपणीसांच्या घरातला वास

"हुंग," ऋजुताताई म्हणाल्या आणि त्यांनी ईराचा शाळेचा फ्रॉक माझ्या तोंडासमोर धरला. "हुंग आणि सांग, कसला वास आहे हा?"

मी सिंकपाशी उभी होते. दोन्ही हात साबणाने भरलेले. तशीच मान पुढे केली आणि हुंगलं. फ्रॉक धुतलेला, वाळलेला, इस्त्री केलेला होता. वर गुलाबाचा वास होता, मशीनमध्ये त्या झाकणभर सुगंधी पाणी ओतायच्या त्याचा. आणि गुलाबाच्या आडून दुसरा एक वास येत होता.

"कुबट येतोय," मी म्हटलं.

"कुबट नाही. मासळीचा येतोय." त्यांनी फ्रॉक खुर्चीवर टाकला. "ईराच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलंय. 'पाल्याच्या कपड्यांना दुर्गंधी येते, कृपया स्वच्छतेकडे लक्ष द्यावे.' हे मला वाचावं लागलं, हंसा. तिच्या बाकावर कुणी बसत नाही. मुलं तिला काय म्हणतात माहीत आहे? बोंबील."

ईरा दारात उभी होती. सहा वर्षांची पोर. मी कामावर आले की रोज पळत येऊन काढलेलं चित्र दाखवायची. त्या दिवशी ती फरशीकडे बघत होती.

"कालच दुकानाचा माणूस येऊन गेला," ऋजुताताई म्हणाल्या. "मशीन चालू करून बघितलं, फिरवून बघितलं. म्हणाला, मशीन ठणठणीत आहे. मग त्यानेच विचारलं, कपडे कोण हाताळतं? मी म्हटलं, कोळीवाड्यातून बाई येते. तो नुसता हसला. मला कळायचं ते कळलं."

मलाही कळलं.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. अलिबागच्या बाहेर नवी सोसायटी झाली होती, चार मजल्यांची, तिथे मी तीन घरची धुणीभांडी करायचे. दुसऱ्या मजल्यावर टिपणीस, म्हणजे ऋजुताताईंचं घर, त्यांच्या समोर पेडणेकर बाई, आणि चौथ्यावर बेंद्रेवहिनी. त्याआधी बारा वर्षं मी बाजारात मासळी विकली. नवऱ्याच्या पाठीचं दुखणं निघालं, त्याचं बोटीवर जाणं बंद झालं, तेव्हा मासळीच्या भरवशावर राहून चालेना. म्हणून ही कामं धरली. टिपणीसांकडे तिसरं वर्ष होतं. तेही लोक मासे खाणारे, रविवारी त्यांच्याकडे पापलेट मीच साफ करून द्यायचे. तेव्हा माझ्या हातांना वास येतो असं कुणी म्हणालं नव्हतं.

"ताई," मी हात धुवून पुसले, फ्रॉक परत उचलला आणि बगलेजवळ, गळ्यापाशी, खिशात नाक घालून नीट हुंगला. "हा मासळीचा वास नाही."

"मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. मासळीचा वास मला माहीत आहे. ताजीचा वेगळा, कालचीचा वेगळा, सुकीचा वेगळा. गिऱ्हाईक फसेल, पण आम्ही नाही फसत. हा साचलेल्या पाण्याचा वास आहे. होडीच्या तळाला फळ्यांखाली पाणी साचतं ना, ते चार दिवस उपसलं नाही की असाच वास मारतो. वरून होडी कितीही धुवा. तुमच्या मशीनमध्ये कुठेतरी पाणी राहतंय."

"मशीन बघणाऱ्या माणसाला जे दिसलं नाही ते तुला वासावरून समजलं?"

"मला उघडून बघू द्या."

"मशीनला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "कपड्यांनाही नको. शनिवारपर्यंत फक्त भांडी आणि फरशी कर. सोमवारपासून मी दुसरी बाई बघतेय."

पदर खोचला आणि भांडी पुरी केली. निघताना खुर्चीवरचा फ्रॉक उचलून म्हटलं, "हा मला द्या. घरी धुवून आणते."

"तुझ्या घरी?" त्यांना हसूच आलं. "जिथे अंगणात बोंबील सुकतात? ने. नाहीतरी फरशी पुसायलाच काढणार होते."

*

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, चौथ्या मजल्यावर बेंद्रेवहिनींनी दार अर्धंच उघडलं. "हंसा, तू आता येऊ नकोस. ऋजुता सांगत होती... आमच्याकडे लहान बाळ आहे गं, समजून घे." दार लागलं. चपला काढलेल्या होत्या, त्या परत घातल्या.

जिन्यात भेटलेल्या दोघीजणी बोलता बोलता थांबल्या आणि मी गेल्यावर परत बोलायला लागल्या. खालच्या वॉचमनच्या बायकोने मला सांगितलं की गुरुवारी संध्याकाळी गच्चीवर बायका जमल्या होत्या, तेव्हा हा विषय निघाला होता. सोसायटीतल्या सात घरांना आता माहीत होतं की हंसाच्या हाताचा वास कपड्यांना लागतो. अलिबागसारख्या गावात सात घरांना माहीत म्हणजे सगळ्यांना माहीत. एकदा का असं नाव चिकटलं की दुसऱ्या सोसायटीतही कुणी दारात उभं करत नाही.

पेडणेकर बाईंचं वेगळं होतं. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी बोलणं अजून वर्गातलंच. मी आत गेले तशी त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"हंसा, तुझ्याबद्दल मी एक ऐकलंय. खरं आहे का?"

"नाही, बाई."

"सिद्ध करता येईल?"

"येईल. पण तुम्हाला यावं लागेल. उद्या, समोरच्या घरी. मी बोलावते तेव्हा."

त्यांनी क्षणभर विचार केला. "येईन. पण मी कुणाच्याच बाजूची नाही, लक्षात ठेव."

"तेच पाहिजे मला," मी म्हटलं.

घरी आले तेव्हा सासू अंगणात काठ्यांवर बोंबील टांगत बसली होती. मी तिच्यापुढे दोन्ही हात धरले. "आत्या, खरं सांगा, वास येतो?"

तिने हुंगलं. "येतो गो. मासलीचा येतो. सकाली तूच तर पाटी धुतलीस. त्यात काय झाला?"

मी झालेलं सगळं सांगितलं. ती ऐकताना टांगायची थांबली. मग उठली, कंबरेवर हात ठेवून समुद्राकडे बघितलं. "वारा दर्यावरून येतंय. कपडा दर्याच्या अंगाला घाल, पुढं. मासली मागं राहील. वास काय वाऱ्याच्या तोंडावर चालत जात नाय."

मी हात लिंबाने आणि साबणाने तीनदा धुतले. मग फ्रॉक गरम पाण्यात सोडा घालून भिजवला, दगडावर घासला आणि चार पाण्यांतून काढला. सुगंधी काही घातलं नाही. अंगणाच्या पुढच्या टोकाला, वाऱ्याच्या तोंडावर, दोरीवर टाकला. शनिवारी सकाळी तो उन्हात कडक वाळला होता. वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला.

*

ऋजुताताई बँकेत नोकरीला होत्या, आणि शनिवारी बँक अर्धा दिवस असायची. दुपारी ऋजुताताई घरी आल्यावरच मी गेले, आणि जाताना समोरच्या दाराची बेल वाजवून पेडणेकर बाईंना बरोबर घेतलं. त्यांना बघून ऋजुताताई गोंधळल्या.

"बाई, तुम्ही?"

"हंसाने बोलावलंय. मलाही माहीत नाही कशाला."

मी विचारलं, "ताई, काल ईराचा दुसरा फ्रॉक कुणी धुतला?"

"मीच. मशीनमध्ये घातला, मीच काढला, मीच वाळत टाकला. तुझा हात लागू दिला नाही."

"तो आणा."

त्यांनी आणला. कशासाठी ते त्यांच्या ध्यानात यायला लागलं होतं, पण पेडणेकर बाईंसमोर नाही म्हणता येईना. मी माझ्या पुडक्यातला फ्रॉक काढला. दोन्ही निळे, एकाच दुकानातले, एकाच मापाचे.

"बाई, तुम्ही पाठमोऱ्या व्हा," मी पेडणेकर बाईंना म्हटलं. "ताई, तुम्हीपण. आणि ईरा, तू ये. तू यांच्यावर थोडं थोडं पाणी शिंपड. अंगाला घाम आला की वास उठतो ना, तसा पाण्याने उठेल."

ईराने वाटीत बोटं बुडवून दोन्ही फ्रॉकवर पाणी शिंपडलं. तिला मजा वाटायला लागली होती. मी फ्रॉक उलटसुलट केले, परत घडी घातली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. कुठला कुठला ते त्या दोघींना आता कळायला मार्ग नव्हता.

पेडणेकर बाईंनी पहिला उचलला, नाकाशी नेला आणि मान झटक्यात मागे घेतली. "शी. हा खराब आहे." दुसरा उचलला. परत हुंगला. तिसऱ्यांदा हुंगला. "हा स्वच्छ. याला नुसता उन्हाचा वास आहे."

ऋजुताताईंनी दोन्ही हुंगले. त्यांचा चेहरा मोकळा झाला. स्वच्छ फ्रॉक छातीशी धरून त्या म्हणाल्या, "बघ, हंसा. हा मी काल धुतलेला. तुझा हात लागला नाही, आणि वास गेला. आता काही सांगायचं आहे तुला?"

"खिशाच्या खाली बघा, ताई."

त्यांनी बघितलं. खिशाची शिवण एका बाजूने उसवली होती, ती मी काल धुवायच्या आधी घातली होती. घरात निळा दोरा नव्हता म्हणून काळ्या दोऱ्याने.

ईराने पुढे होऊन तो टाका बोटाने चाचपला. "हा हंसामावशीने धुतला," ती म्हणाली. "आणि घाण वास येतो तो आईचा."

मोठ्या माणसांना जे वाक्य बोलायला धीर लागला असता ते तिने सहज बोलून टाकलं. ऋजुताताईंचे कान लाल झाले.

"आता मशीन उघडू द्या," मी म्हटलं.

त्या बाजूला झाल्या.

पेडणेकर बाईंनी विचारलं, "मशीनबरोबर पुस्तक आलं असेल ना? कुठे आहे?" ते कपाटाच्या खणात निघालं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. बाई स्टूल ओढून बसल्या आणि चष्मा सारखा करून पानं उलटायला लागल्या.

मी आधी गोल दारातून डोकं आत घातलं. आतलं स्टीलचं भांडं लखलखीत होतं, त्याला वास फारसा नव्हता. दुकानाच्या माणसाने इतकंच बघितलं असणार. मग दाराच्या कडेचं जाड रबर बोटांनी ओढून घडी उलटली. घडीत काळं, बुळबुळीत पाणी होतं. त्यात केसांचा गुंता, ईराची एक रिबीन आणि तिचा लहानपणीचा एक पायमोजा, जो इतका काळा झाला होता की पायमोजा आहे हे उलगडल्यावर कळलं.

"अगं बाई," ऋजुताताई पुटपुटल्या.

साबणाचा कप्पा खेचून बाहेर काढला. वरून स्वच्छ, खालून गुलाबी सुगंधी पाण्याचा थर जेलीसारखा साचलेला, त्यावर काळे ठिपके.

पण माझं नाक अजून खाली ओढत होतं. रोज फरशी पुसताना मशीनच्या पायाशी, उजव्या कोपऱ्यात, मी एक छोटं झाकण बघायचे. चौकोनी, तळहाताएवढं. ते उघडलेलं मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"बाई, खाली झाकण आहे, त्याचं काही लिहिलंय का?"

"थांब." त्यांनी बोट फिरवलं आणि वर्गात वाचावं तसं मोठ्याने वाचलं. "'पाणी बाहेर जाण्याच्या मार्गातील गाळणी महिन्यातून एकदा साफ करावी. झाकण उघडण्यापूर्वी मशीन बंद करून खाली पसरट भांडे ठेवावे.'"

"महिन्यातून?" ऋजुताताई म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच नाही."

"पुस्तकाने सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

मी मशीनची वायर काढली, परात लावली, जुने टॉवेल पसरले, झाकण काढलं आणि आतली गोल मूठ हळूहळू फिरवली. एक थेंब पडला. मग धार लागली. काळी, जाड, थंड. आणि तिच्याबरोबर तो वास असा उठला की पेडणेकर बाई पदर नाकाला लावून खिडकीशी गेल्या. ईरा "ईऽऽऽ" करत पळाली आणि लगेच बघायला परत आली. ऋजुताताई उभ्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या. परात भरली, ओतली, परत भरली.

मग मी गाळणी बाहेर ओढली. धागे, केस, गुंड्या, एक सेफ्टीपिन, आणि सगळं धरून ठेवणारा राखाडी चिखल. माझ्या मुठीएवढा गोळा. मी तो परातीत ठेवला, आणि ऋजुताताईंना म्हटलं, "हुंगा."

त्यांनी वाकून हुंगलं. मला वाटलं होतं त्या टाळतील. त्यांनी टाळलं नाही.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच वास."

"वर्षानुवर्षं कपडे या पाण्यावरून गेले. तुम्ही नेहमी थंड पाण्याचं अर्ध्या तासाचं धुणं लावता, त्यात हे विरघळत नाही. वास आला की जास्त सुगंध ओतता, तो आणखी चिकटतो. आणि मला सांगितलंत, धुणं काढलं की दार लगेच लाव, झुरळं जातात. आत सुकायला वारा मिळाला नाही."

पुढचा तासभर मी काम केलं, आणि सांगते, तसं काम मी जन्मात केलं नव्हतं. दात घासायच्या जुन्या ब्रशने रबराची घडी न घडी घासली, साबण लावून, आणि मग व्हिनेगरने पुसली. कप्पा गरम पाण्यात बुडवून ठेवला. गाळणी नळाखाली धरली ते तिची जाळी पांढरी दिसेपर्यंत. कधीतरी ऋजुताताई शेजारी येऊन बसल्या आणि दुसरा ब्रश उचलला. मग धुण्याचा सोडा घालून रिकामं मशीन सगळ्यात गरम पाण्यावर लावलं. काचेतून फेस दिसत होता, आधी करडा, मग पांढरा. ते संपल्यावर नुसत्या पाण्यावर आणखी एकदा फिरवलं, दार सताड उघडलं आणि खराब फ्रॉक पहिला आत घातला, पातेल्यात सोड्याच्या गरम पाण्यात भिजवलेला.

तो बाहेर आला तेव्हा संध्याकाळचे सात वाजत आले होते. ओला, गरम. ईराने तो आधी माझ्याकडून हिसकावला आणि तोंडावर दाबला.

"कसलाच नाही!" ती ओरडली. "कसलाच वास नाही!"

पेडणेकर बाईंनी पुस्तक मिटलं. "उत्तीर्ण," म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या.

ऋजुताताई पदराने हात पुसत होत्या. "हंसा," त्या म्हणाल्या, "माझं चुकलं. सोमवारपासून ये. नेहमीसारखी ये. आणि कपडे..."

"येईन की नाही ते मग बघू," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही, इतका शांत होता. "गुरुवारी गच्चीवर माझ्या हातांबद्दल तुम्ही जितक्या घरांना सांगितलंत, तितक्या घरांना आता हे सांगायचं. आत्ता. मी बरोबर येणार."

"अगं, मी सोमवारी सगळ्यांना..."

"आत्ता, ताई."

त्यांनी पेडणेकर बाईंकडे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

ऋजुताताईंनी चपला घातल्या.

तळमजल्यापासून सुरुवात केली. पहिल्या दारात त्या चाचरल्या. "अगं, ते मशीन बिघडलं होतं..." एवढंच म्हणून वळल्या. मी हलले नाही. त्या परत वळल्या. "हंसाच्या हातांबद्दल मी जे म्हटलं होतं ते खोटं होतं," त्या म्हणाल्या. "घाण माझ्या मशीनमध्ये होती. तिनेच शोधून काढली." दुसऱ्या दारात त्यांनी सुरुवातीलाच सगळं सांगितलं. तिसऱ्या दारात आवाज फुटला, पण थांबल्या नाहीत. पाचव्या घरातल्या बाईने विचारलं, "म्हणजे आमच्या मशीनलाही असं झाकण असेल का?" आणि माझ्याकडे, थेट माझ्याकडे, उत्तरासाठी बघितलं. मी झाकण कुठे असतं ते सांगितलं.

सहा घरं झाल्यावर ऋजुताताई जिन्याच्या कठड्याला धरून थांबल्या. "हंसा, आता एकच. बेंद्रेंचं. तुला पुरे झालं नाही का गं?"

मला त्यांची कीव आली. खरंच आली. त्यांनी फसवाफसवी केली नव्हती, आपल्या पोरीपायी घाबरल्या होत्या, हे मला दिसत होतं. मी सोडून देऊ शकले असते. पण दोन दिवसांपूर्वी मला कुणी सोडलं नव्हतं, आणि पुढे मला याच जिन्यांनी चढायचं होतं.

"नाही, ताई," मी म्हटलं. "चला."

बेंद्रेवहिनींनी दार उघडलं. आधी ऋजुताताईंना बघितलं, मग मला. ऋजुताताईंनी सगळं सांगितलं, सरळ, नजर न चुकवता. बेंद्रेवहिनींच्या चेहऱ्यावर एकेक रंग येऊन गेला.

"अगं हंसा," शेवटी त्या म्हणाल्या, "मला काय माहीत! पण आता मी कालपासून दुसरी बाई ठेवली गं. तिला कसं काढू?"

"काढू नका," मी म्हटलं. "तिचं पोट माझ्यापायी का मारायचं? मी काम मागायला आले नाही."

"मग?"

"तुम्ही हे ऐकायला हवं होतं, म्हणून आले."

त्यांनी मान हलवली. त्यांनी ऐकलं होतं. मी दोघींना नमस्कार केला आणि चार मजले जिन्याने खाली उतरले, मधोमध, कुणालाही वाट न देता.